बैलाचं आणि गाडीवानाचं आपण काय देणं लागतो?

गळीत हंगामात आमच्याकडे झोपेतसुद्धा घुंगरांचा आवाज येत राहतो. उसाच्या टायरगाड्या पहाटे तीनपासून कारखान्याच्या वाटेला लागलेल्या असतात. ओढ्याच्या फरशीवरून वर मोठ्या रस्त्याला लागताना एक चढ आहे, जेमतेम शंभर पावलांचा. जानेवारीतल्या एका सकाळी त्या चढाच्या मध्यावर एक गाडी अडली. मोळ्या इतक्या उंच रचलेल्या की मागून बैल दिसतच नव्हते. डावीकडचा बैल गुडघ्यावर आला होता. गाडीवानानं खाली उडी मारली, दोन चाबूक ओढले. बैल उठला नाही. तेव्हा त्यानं चाबूक टाकला आणि स्वतःच चाकाला खांदा लावला. त्याची बायको चाक मागं येऊ नये म्हणून इंचाइंचानं दगड सरकवत होती. वर उसावर, गोधडीत गुंडाळलेलं त्यांचं पोर झोपलं होतं. मी जवळ गेलो तेव्हा बैलाची मान दिसली. जू घासून तळहाताएवढं कातडं सोललं होतं आणि त्यात कुणीतरी हळद भरली होती.

दोन मोटारसायकलवाले थांबले. एक ओरडला, "मुक्या जनावराला मारतोस, लाज वाटत नाही?" दुसरा त्याला म्हणाला, "त्याला कशाला बोलता? पोटासाठी करतोय बिचारा."

जनावरांबद्दल आणि माणसांबद्दल आपलं नैतिक कर्तव्य काय, या प्रश्नावर अडीच हजार वर्षं विचार चालू आहे. पण त्यातला सगळा पेच त्या दोघांच्या दोन वाक्यांत होता, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं. पहिला बैलाच्या बाजूनं बोलत होता, दुसरा माणसाच्या. दोघंही खोटं बोलत नव्हते. आणि दोघंही पुढच्या मिनिटाला गाडीला किक मारून निघून गेले.

आधी एक शब्द नीट लावून घेऊ. मराठीत आपण म्हणतो, "मी त्याचं काही देणं लागत नाही." नैतिक कर्तव्य म्हणजे हेच देणं. दया वेगळी, देणं वेगळं. दया केली तर चांगलं, नाही केली तरी कुणी वसुलीला येत नाही. देणं मात्र मनात येवो न येवो, फेडावंच लागतं. रस्त्यावरच्या कुत्र्याला बिस्किट घातलं, ही दया. त्याच्या अंगावर गाडी घालायची नाही, हे देणं. भिकाऱ्याला दहा रुपये दिले, ही दया. घरकामाला येणाऱ्या बाईंचा पगार वेळेवर दिला, हे देणं. आपली गडबड अशी होते की जनावरांशी जे काही बरं वागतो ते सगळं आपण दयेच्या खात्यात टाकतो. म्हणून केलं की पुण्य वाटतं आणि नाही केलं तरी काही बुडालं असं वाटत नाही.

बैलाच्या बाबतीत तरी आपली परंपरा तसं म्हणत नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी असते. बैलाला धुऊन, जिथं जू टेकतं नेमका तोच खांदा लोणी किंवा तूप आणि हळदीनं चोळतात आणि त्याला म्हणतात, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." बैलाला 'घ्या', 'या' म्हणायचं. शिंगं नाही, शेपूट नाही, बरोबर खांदाच. कारण वर्षभर भार तिथं पडलेला असतो. ज्यानं ही रीत पाडली त्याला हिशेब कळत होता. घेतलं कुठून ते आठवून तिथंच परत द्यायचं.

देणं कुणाचं लागू शकतं?

व्यवहारात देणं दोन्ही बाजूंनी असतं. मी तुमचे पैसे बुडवणार नाही, तुम्ही माझे बुडवू नका. बैल असा करार करू शकत नाही. मग त्याचं देणं कसं लागणार? हा युक्तिवाद जुना आहे आणि ऐकायला बिनतोड वाटतो. पण पाळण्यातलं तान्हं मूलही करार करत नाही. अंथरुणाला खिळलेली, काहीच न आठवणारी आजी आपल्याला काही परत देऊ शकत नाही. तरी त्यांचं आपण काही लागत नाही असं कुणी म्हणत नाही. म्हणजे कर्तव्य पार पाडायला समज लागते, पण कर्तव्य ज्याच्या बाबतीत असतं त्याला समज असायलाच हवी असं नाही. कर्ता वेगळा आणि ज्याचं देणं लागतं तो वेगळा. एवढा फरक ध्यानात ठेवला तरी निम्मा वाद मिटतो.

मग देणं लागायला समोरच्यात काय असावं लागतं? सतराव्या शतकात फ्रान्सच्या देकार्तनं जनावरं म्हणजे चावी दिलेली यंत्रं, असा विचार मांडला. त्याच्या काही अनुयायांच्या लेखी कुत्र्याचं विव्हळणं आणि दाराच्या बिजागरीचं करकरणं यात फारसा फरक उरला नाही. जर्मनीतला इमॅन्युएल कांट एवढा टोकाला गेला नाही. त्याचं म्हणणं असं की जनावराशी क्रूर वागणारा हळूहळू माणसांशीही क्रूर वागू लागतो, म्हणून क्रौर्य टाळावं. ज्या कुत्र्यानं आयुष्यभर इमानानं चाकरी केली त्याला म्हातारपणी मरेपर्यंत सांभाळावं, असं तो आपल्या व्याख्यानांत सांगत असे. मला हा विचार आवडतो, पण तो एका पावलानं कमी पडतो. कांटच्या मते कुत्र्याला हाकललं तर बिघडते मालकाची माणुसकी. कुत्र्यावर अन्याय झाला असं त्यात येतच नाही. त्या चढावर दगड सरकवणारी बाई स्वतःचं शील जपत नव्हती. तिला बैलाचं दुखणं दिसत होतं.

नेमकी तीच गोष्ट इंग्लंडच्या जेरेमी बेंथमनं १७८९ साली एका तळटीपेत लिहिली. प्राणी विचार करू शकतात का, बोलू शकतात का, हा प्रश्नच नाही; त्यांना वेदना होतात का, हा प्रश्न आहे. आणि हे त्यानं कुठल्या ओघात लिहिलं ते फार महत्त्वाचं. त्याच तळटीपेत तो गुलामगिरीबद्दलही बोलत होता. कातडीचा रंग काळा आहे एवढ्यावरून माणसाला छळणाऱ्याच्या हवाली करता येत नाही, हे जसं लोकांना कळायला लागलंय, तसं एक दिवस पायांची संख्या किंवा अंगावरची लव यावरूनही करता येणार नाही हे कळेल, असा त्याचा रोख होता. जनावरांचा आणि माणसांचा प्रश्न त्यानं एकाच दमात मांडला.

त्याच्याही दोन हजार वर्षं आधी ते आपल्याकडे झालं होतं. अशोकाच्या दुसऱ्या शिलालेखात दोन प्रकारच्या चिकित्सेची सोय केल्याचं लिहिलंय, माणसांची आणि पशूंची. औषधी वनस्पती लावल्या, रस्त्याकडेला विहिरी खणल्या, झाडं लावली, आणि ती पशू व माणसं दोघांच्या उपयोगासाठी. एकाच वाक्यात दोघं. अशोकाच्या लेखांचे तुकडे मुंबईजवळच्या आपल्या सोपाऱ्यालाही सापडले आहेत, तेव्हा हा विचार फार लांबचा नाही.

वेदना होते का, यावर आता शंकेला जागा नाही. बैलाच्या कातडीत, सांध्यांत वेदना टिपणारे चेतातंतू आपल्यासारखेच आहेत. २०१२ साली केंब्रिजला जमलेल्या मेंदूविज्ञानातल्या जाणकारांनी जाहीर केलं की जाणिवेला लागणारी मेंदूतली यंत्रणा माणसाकडेच आहे असं नाही. सगळ्या सस्तन प्राण्यांकडे, पक्ष्यांकडे आणि इतरही काही जीवांकडे ती आहे. शेतकऱ्याला हे सांगायला केंब्रिजची गरज नव्हती. पण एक गोष्ट शेतकऱ्यांच्याही ध्यानात येत नाही. बैल वेदना लपवतो. रानात दुबळं दिसणारं जनावर आधी मारलं जातं, म्हणून दुखणं न दाखवण्याची सवय त्याच्या रक्तात आहे. बैल गुडघ्यावर येतो तेव्हा दुखायला सुरुवात झालेली नसते, तर सोसण्याची ताकद संपलेली असते.

आता गाडीकडे पुन्हा एकदा बघा. दोन चाकांची गाडी तराजूसारखी असते. माल पुढं जास्त झाला की भार जुवातून थेट मानेवर येतो. मागं जास्त झाला की जू वर उचललं जातं आणि गळ्याखालची जोती, म्हणजे पट्टे, गळ्यात रुततात. चढाला ओढायचं, आणि उताराला, गाडीला ब्रेक नसल्यामुळे, तोच सगळा भार मानेनं थोपवून धरायचा. डांबरावर खुराला पकड मिळत नाही, म्हणून पत्र्या मारलेल्या असतात, त्याही घसरतात. त्यात वेसण, आणि बैल हटला तर शेपटी पिरगाळणं. शेपटीत मणके असतात आणि ते मोडतात. जुन्या बैलांच्या शेपट्यांवरून हात फिरवला तर गाठी लागतात.

'गुरासारखं राबवलं'

माणसाला वाईट वागवलं की आपण म्हणतो, "गुरासारखं राबवलं." फार कष्ट झाले की म्हणतो, "ढोरमेहनत झाली." या बोलण्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: गुराला असं राबवलं तर चालतं, माणसाला चालत नाही. मी बरेच दिवस हे वाक्य सहज वापरत होतो. त्या चढानंतर ते तोंडात अडखळायला लागलं.

गाडीवान आणि त्याची बायको मिळून, ऊसतोडीला टोळी नेणाऱ्या मुकादमाच्या वहीत एक 'कोयता' असतात. माणसांची नोंद अवजाराच्या नावानं होते. बीड, अहिल्यानगर, जालना, परभणी, धाराशिव अशा जिल्ह्यांतून लाखो माणसं दरसाल दिवाळीच्या सुमाराला बिऱ्हाड, गुरं, पोरं घेऊन निघतात आणि उसाच्या फडाशेजारी कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, घालून हंगाम संपेपर्यंत तिथं राहतात. निघण्याआधी मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ती उसाच्या टनावर फेडायची. एक दिवस आजारपणात गेला तर तो 'खाडा', आणि त्याचा दंड कापला जातो. हंगाम संपेपर्यंत उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या वर्षावर. म्हणजे माणूस पुढच्या वर्षासाठीही बांधला गेला. वेठबिगारी आपल्याकडे १९७६ च्या कायद्यानं बंद झाली आहे, हे इथं आठवल्याशिवाय राहत नाही.

आणि मग गर्भपिशव्यांची गोष्ट. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या शस्त्रक्रियांची चौकशी करायला २०१९ साली राज्य सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणीत ८२,३०९ बायका होत्या. त्यांपैकी १३,८६१ जणींची पिशवी आधीच्या दहा वर्षांत काढलेली निघाली. पाळीच्या दिवसांतही फडात उभं राहायचं, कोपीजवळ ना संडास ना आडोशाचं पाणी, त्यातून जंतुसंसर्ग, खाड्याची भीती, आणि 'पिशवी काढली नाही तर कॅन्सर होईल' असं घाबरवणारे काही डॉक्टर. कित्येक बायका तीस-पस्तिशीच्या आतल्या.

बैल कामाला लागावा म्हणून आपण त्याला लहानपणीच खच्ची करतो, नाकात वेसण घालतो. म्हणजे कामाच्या सोयीनं त्याचं शरीर बदलतो. या बायकांच्या बाबतीत वेगळं काय झालं? सक्ती कुणी केली नाही, त्यांनी कागदावर अंगठा दिला, हे खरं. पण समोरच्या सगळ्या वाटा बंद करून एकच उघडी ठेवायची आणि मग ती तिनं निवडली म्हणायचं, याला निवड म्हणता येत नाही. माणसाला नुसतं साधन म्हणून वापरू नका, तो स्वतः एक साध्य आहे, हा कांटचा सगळ्यात मोठा विचार. कोणी माणूस नुसतं साधन कधी होतो, हे समजावून सांगायला मला 'एक कोयता' या नोंदीपेक्षा चांगलं उदाहरण सापडलेलं नाही.

"आधी माणसांचं बघा"

जनावरांबद्दल काही बोललं की हा सूर हमखास येतो. माणसं मरतायत आणि तुम्हाला बैलाची पडली आहे. या आक्षेपात एक सच्चेपणा आहे. शहरात बसून बैलासाठी हळहळणारे पुष्कळ लोक त्या बैलाच्या मालकाचा विचारही करत नाहीत, आणि त्याचा मालकाला जो राग येतो तो रास्त आहे. पण या आक्षेपामागे एक समजूत असते की सहानुभूतीची एकच बादली आहे, बैलाला पाजलं तर माणसाला उरणार नाही.

चढावरच्या गाडीला हे लावून पाहा. बैलावर जास्त भार का टाकला? कारण मजुरी टनावर आहे. खेप वाढवायची तर वेळ नाही, कारण कारखान्याच्या आवारात नंबर लागून गाडी खाली व्हायला तासन्‌तास जातात. म्हणून आहे त्याच खेपेत जास्त माल. ज्या दरानं बाईला पाळीच्या दिवसांत कोयता चालवायला लावलं, त्याच दरानं बैलाच्या मानेवर दोन मोळ्या जास्त चढवल्या. दोघांचं दुखणं एकाच हिशेबातून आलंय. टनाचा दर वाढला, खाडा बंद झाला, गाडी लवकर खाली व्हायला लागली, तर बैल आणि माणूस दोघांचाही भार उतरतो. म्हणून 'आधी कोण' हा प्रश्न इथं तरी चुकीचा आहे.

याचा अर्थ बैल आणि माणूस सारखे असा नाही. ऑस्ट्रेलियाचा तत्त्वज्ञ पीटर सिंगर गेली पन्नास वर्षं समानतेचा जो अर्थ सांगतोय तो इथं उपयोगी पडतो: वागणूक सारखी नको, पण दोघांचं हित मोजताना काटा सारखा हवा. बैलाला शाळा नको, मतदान नको. त्या उसावर झोपलेल्या पोराला शाळा हवी. बैलाला सावली हवी, पाणी हवं, दिवसातून काही तास मोकळी मान हवी. तहान मात्र दोघांचीही तहानच. ती बैलाची आहे म्हणून कमी धरायची नाही. अमेरिकेचा टॉम रीगन याहून पुढं गेला. त्याच्या मते ज्याला स्वतःचं असं जगणं आहे, आठवण आहे, आवडनिवड आहे, त्याला हक्कच आहेत आणि सुखदुःखाची गोळाबेरीज करून ते ओलांडता येत नाहीत. रीगनचं मानलं तर बैलाला जुंपायचंच नाही. मी तिथवर जात नाही, कारण बैलाच्या जिवावर ज्याची चूल पेटते त्याला पर्याय न देता 'सोड' म्हणायचा अधिकार मला वाटत नाही. पण रीगन टोचतो, आणि टोचावा.

मांसाहाराचा वाद मी इथं मुद्दाम आणला नाही. तो मोठा आहे आणि जातीपातीच्या जखमा त्याला चिकटलेल्या आहेत. एवढंच म्हणतो, की ताटात मांस नाही म्हणून जनावरांचं देणं फिटलं असं होत नाही. साखर पूर्ण शाकाहारी आहे.

लांबचं देणं

गाडीवानाचा बैलाशी संबंध उघड आहे. माझा काय? पुण्या-मुंबईच्या किंवा दुबईच्या चहात साखर घालणाऱ्याचा काय?

१९७१ साली पूर्व बंगालमधून लाखो निर्वासित भारतात आले, उपाशी, पटकीनं मरणारे. तेव्हा सिंगरनं एक साधा दाखला दिला. रस्त्यानं जाताना उथळ तळ्यात मूल बुडताना दिसलं, तर कपडे खराब होतील म्हणून तुम्ही पुढं जाल का? नाही ना? मग ते मूल हजारो मैलांवर असलं म्हणून काय बदलतं? अंतर हे कारण होऊ शकत नाही, असा त्याचा युक्तिवाद. त्यावर मोठा आक्षेप हा की जगात तळी अगणित आहेत. सगळ्यांत उड्या मारायच्या तर माणसानं स्वतःचं जगावं कधी?

साखरेच्या बाबतीत मला तळ्याचा दाखला अपुरा वाटतो, कारण तिथं मी नुसता वाटसरू आहे. इथं मी वाटसरू नाही. तो ऊस शेवटी माझ्याकडे येतोय. अमेरिकेच्या आयरिस मॅरियन यंग यांनी कपड्यांच्या कारखान्यांतल्या कामगारांबद्दल लिहिताना हा गुंता सोडवला आहे. त्या म्हणतात, दोष आणि जबाबदारी वेगळे करा. दोष मागं बघतो: कुणी केलं, पकडा त्याला. जबाबदारी पुढं बघते: ही व्यवस्था ज्यांच्या ज्यांच्या हातांनी चालते, त्यांनी ती बदलायला काय करायचं. दोष नाही म्हणून जबाबदारी संपत नाही. आणि ती सगळ्यांची सारखी नसते. ज्याच्या हातात जास्त ताकद, ज्याला जास्त फायदा, त्याची जास्त.

ही मोजपट्टी लावली की मोटारसायकलवाल्यांचा वाद सुटतो. चाबूक गाडीवानाच्या हातात होता. विनाकारण मारलं असेल तर तेवढा दोष त्याचा, गरिबी हे प्रत्येक फटक्याचं उत्तर नाही. पण भार किती, हे ठरवण्यात त्याची ताकद सगळ्यात कमी. मुकादमाची त्याहून जास्त. कारखान्याची सगळ्यात जास्त, कारण वजनकाटा त्यांच्याकडे आहे. कुठल्या गाडीवर किती ऊस आला हे प्रत्येक खेपेला त्यांच्या पावतीवर छापून येतं. आणि माझ्यासारख्यांची? एकट्याची फार थोडी. मात्र मी ज्या भागात राहतो तिथं कारखान्याचे सभासद माझे नातेवाईक आहेत, वार्षिक सभेला मी बसतो. तिथं मी तोवर रिकव्हरी, म्हणजे उसाचा साखर उतारा, आणि ऊसबिलाच्या दुसऱ्या हप्त्याबद्दलच बोललो होतो. बैलाबद्दल किंवा कोप्यांबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. ती माझी जबाबदारी होती आणि मी ती टाळली होती.

कायदा कुठपर्यंत येतो

कायद्यात हे देणं लिहिलेलं आहे. प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा. ओझ्याच्या जनावरांचे नियम १९६५ चे. त्यांत आहे: दिवसाला एकूण नऊ तासांपेक्षा जास्त जुंपायचं नाही, सलग पाच तासांपेक्षा जास्त नाही, पारा ३७ अंशांच्या वर असेल तर दुपारी बारा ते तीन नाही. बैलाचा आकार आणि गाडीची चाकं पाहून किती वजन, हेही दिलंय. टोकदार आर असलेली काठी वापरायची नाही. मी हे नियम वाचून दाखवले तेव्हा गाडीवान नुसते ऐकत राहिले, त्यांना कुणी कधी सांगितलंच नव्हतं. आणि जनावराचा छळ केला तर? १९६० च्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. १९६० साली ती रक्कम असेल काहीतरी. आज चहापाण्यालाही पुरत नाही.

राज्यघटनेत ४२ व्या दुरुस्तीनं १९७६ साली नागरिकांची कर्तव्यं घातली, त्यांत सजीवांविषयी करुणा बाळगणं आहे. त्याचा आधार घेऊन सर्वोच्च न्यायालयानं २०१४ साली तमिळनाडूतला जल्लीकट्टू आणि बैलगाडा शर्यतींवर बंदी आणली, आणि प्राण्याला भूक-तहानेपासून, भीतीपासून, वेदनेपासून मुक्त राहता आलं पाहिजे असं म्हटलं. पुढं राज्यांनी कायदे बदलले आणि २०२३ साली घटनापीठानं ते बदल ग्राह्य धरले. प्राण्यांना मूलभूत हक्क मानण्याला आपल्या घटनेत पूर्वाधार नाही, असंही सांगितलं. म्हणजे आज आपल्याकडे माणसावर कर्तव्य आहे, पण प्राण्याला मूलभूत हक्क नाही. गाडा शर्यतीवर गावागावांत रान पेटलं होतं. ओढीच्या बैलांवर मात्र तेव्हाही फारसं कुणी बोललं नाही, आणि त्यांची संख्या शर्यतीच्या बैलांपेक्षा कितीतरी जास्त.

म्हाताऱ्या बैलाचं काय, हा तर कायद्यानंच अवघड करून ठेवलेला प्रश्न. २०१५ पासून महाराष्ट्रात बैल कापायला बंदी आहे. पूर्वी थकलेला बैल बाजारात जायचा, त्याच्या पैशात भर घालून नवा यायचा. आता तो विकला जात नाही, आणि दावणीला ठेवायचा तर वैरण लागते. कांट म्हणाला होता तसं चाकरी केलेल्याला शेवटपर्यंत सांभाळावं, हे मला पटतं. पण ज्यानं त्या बैलाच्या ओढीतून सगळ्यात कमी कमावलं, सांभाळण्याचा पूर्ण खर्च त्याच्याच माथी मारला. ज्यांनी साखर केली, विकली, खाल्ली, त्यांचा त्यात एक पेंढीचाही वाटा नाही. अशानं बैल रात्री कुठल्यातरी लांबच्या रस्त्याला सोडून दिला जातो. देणं खरं होतं, वाटणी चुकली.

काही गोष्टी साध्या असतात. इस्लामपूरच्या राजारामबापू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधल्या विद्यार्थ्यांनी २०२२ साली बैलगाडीला जुवाखाली बसणारं एक आधाराचं चाक तयार केलं. नाव ठेवलं 'सारथी'. मानेवर येणारा भार त्या चाकातून जमिनीवर उतरतो. इतकी वर्षं गाडी आपल्या डोळ्यांसमोरून जात होती, आणि बैलाच्या मानेच्या बाजूनं तिचा विचार त्या पोरांनी केला. काही भागांत बैलगाडीच्या जागी छोटे ट्रॅक्टर येतायत, तेही बैलाच्या दृष्टीनं चांगलंच. फक्त ट्रॅक्टरच्या कर्जाचा हप्ता उचलीवर चढला तर जू बैलाच्या मानेवरून उतरून माणसाच्या मानेवर जाईल, आणि हे होताना मी पाहिलंय.

त्या सकाळी शेवटी आम्ही पाच-सहा जणांनी मिळून गाडी चढावर घेतली. अर्ध्या मोळ्या उतरवल्या, हलकी झालेली गाडी वर नेली, मग मोळ्या खांद्यावरून वाहिल्या. उसाची एक मोळी शंभर पावलं नेल्यावर माझा खांदा दोन दिवस दुखत होता. गाडीवान आष्टी तालुक्यातला. बैल सोडून तो पाणी शोधायला निघाला तेव्हा मी विचारलं, कारखान्याकडून तुम्हाला काय हवं. मला वाटलं दराचं काहीतरी बोलेल. तो म्हणाला, "दराचं आमचे पुढारी बोलतील दादा. तुम्ही तेवढा ह्यो चढ कापायला सांगा. आन् आवारात हौद. रातभर नंबरात उभं ऱ्हातंय जनावर, पान्याबिगर." बायको मागून म्हणाली, "आन् आम्हांस्नी आडोसा."

त्या वर्षीच्या सभेत आम्ही तिघं उठलो. हौद झाला, मुरूम टाकून चढ थोडा बसवला. संडास पुढच्या वर्षी बघू म्हणाले. त्यासाठीचा अर्ज मी परवा पुन्हा दिला आहे, या वेळी खाली एक्केचाळीस सह्या आहेत.